जातं अवेळी फिरलं

माझ्या सासूबाईंचा न्याय सरळ होता. माणूस दमलं की त्याला झोप येते. ज्याला झोप येत नाही ते दमलेलं नाही. आणि दमलेलं नसूनही जे भरदिवसा भिंतीला टेकून बसतं, त्याला काय म्हणायचं ते आमच्या आळीतल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. मला ते रोज सकाळी एकदा आणि घरी पाहुणे असले तर दोनदा ऐकायला मिळे.

या न्यायात खोट कुठं आहे ते मी जन्मभर शोधते आहे. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला येऊन पोचले. अजूनही रात्री डोळे टक्क उघडे असतात आणि सकाळी दोन घरची धुणी धुऊन आल्यासारखी मी उठते. पण आता त्याचं काही वाटत नाही. तेव्हा मात्र याच न्यायानं माझा संसार मोडायची वेळ आणली होती, आणि तीही माझं लग्न होऊन पुरती चार वर्षं झाली नव्हती तेव्हा.

राहात्याजवळच्या त्या गावात मी नांदायला आले तेव्हा चांगली धडधाकट होते. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशा तीन घागरी घेऊन आडावरून येत असे, वर तोंडानं गप्पाही चालत. आमच्या भागात पाटाच्या पाण्यानं ऊस आणला, पेरूच्या बागा आणल्या, आणि बरोबर डास आणून हिवतापही आणला. दुसऱ्या पावसाळ्यात तो मला गाठून बसला. दीड महिना हुडहुडी, गोधड्या आणि दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडूजहर गोळ्या. कानात रातकिडे ओरडत. शेवटी ताप गेला, पण जाताना माझी ताकद आणि झोप दोन्ही घेऊन गेला. ताकद परत येईल म्हणून दोन वर्षं वाट पाहिली. एक घागर आणली तरी हात लटलट कापत. अंगण झाडून झालं की केरसुणीसकट तिथंच बसावंसं वाटे. आणि रात्री अंथरुणावर पाठ टेकली, की आता झोपू या म्हणावं, तर डोळे आढ्याकडे आणि तळपायांची आग.

उपाय काही कमी झाले नाहीत. म्हशीच्या दुधात जायफळ उगाळून झालं. खसखशीची खीर झाली. ती आमच्या ह्यांना फार आवडली आणि ते मात्र छान झोपले. शेजारच्या काकूंनी उशाखाली लोखंडी विळा ठेवायला सांगितला, म्हणजे वाईट स्वप्नं पडत नाहीत. मला स्वप्नंच पडत नव्हती, पण विळा ठेवल्यापासून कूस बदलायचीही चोरी झाली. या काकूंचा आवाज असा की त्यांनी घरात मीठ मागितलं तर वेशीवरचा माणूस खिसे चाचपून बघे. त्यामुळं माझी झोप हा सगळ्या आळीचा विषय झाला होता.

"दमले म्हनतीस, मंग झोप का न्हाई?" सासूबाई विचारत.

"काय ठावं आत्याबाई," मी म्हणे.

"ठावं हाय मला. दिसा काम न्हाई, त्याला रातीला झोप न्हाई."

मला राग येई. माझा राग तसा नाकावरच असतो. पण रागावायलाही ताकद लागते, आणि ती मी स्वयंपाकासाठी राखून ठेवत असे.

त्या भाद्रपदात त्यांनी शेवटचं ठरवलं. माझ्या माहेरी पत्र धाडायचं, की पोरीला हवापालटाला घेऊन जा. ऐकायला किती गोड! पण आमच्याच आळीतली एक सून तीन वर्षांपूर्वी अशीच हवापालटाला गेली होती. वर्षाच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली. पहिलीचा हवापालट अजून चालूच होता. तेव्हा पत्राचा अर्थ मला कळत होता, आळीला कळत होता, आणि पत्र लिहिणाऱ्यालाही कळत होता. पत्र लिहिणारे म्हणजे आमचे हेच. स्वभावानं गरीब, आईपुढं मान वर न करणारे. ओसरीवर मांडी घालून बसले आणि चार ओळींना त्यांनी अख्खी दुपार लावली. दर दोन शब्दांनी पेन अडे. शेवटी हळूच मला म्हणाले, "पुढं काय लिव्हू गं?" मी चौथीपर्यंत शिकलेली. मीच त्यांना पुढची ओळ सांगितली: पितृपंधरवडा सुरू होतोय, तो झाला की या. माझ्याच पाठवणीचं पत्र मी असं नीट वळणदार करून दिलं, आणि मग गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडले.

मला जायचं नव्हतं. नवरा भित्रा असला तरी माझा होता. घर माझं होतं. सासूबाईंचा जाच होता, पण त्यांच्या हातच्या भाकरीसारखी भाकरी मी पुढं कुठंही खाल्ली नाही, आणि जेवताना माझ्या ताटात पहिली भाकरी पडे ती त्यांच्याच हातून. हातात पंधरा-सोळा दिवस होते. तेवढ्यात मी आळशी नाही हे सिद्ध करायचं होतं.

मी विचार केला. दिवसा मला उभं राहवत नाही आणि रात्री पडून राहवत नाही. तर मग रात्रीच काम का करू नये? सासूबाई सकाळी उठून जात्याकडं जातील तर तिथं टोपलंभर पीठ तयार. त्यांचा चेहरा कसा होईल ते मी दोन-तीन रात्री आढ्याकडं बघत रंगवला. चौथी शिकलेल्या बाईची ही अक्कल!

आता जात्याचं सांगायला हवं. तेव्हा गावात घड्याळ एकच, शाळेतलं, आणि त्याला किल्ली द्यायची मास्तरांना आठवण राहिली तर. बाकी सगळा कारभार कोंबड्यावर आणि जात्यावर. राहात्यात पिठाची चक्की होती, पण चक्कीच्या पिठाला करपट वास येतो असं सासूबाईंचं मत, आणि आळीतही तेच मत. पहाटे आळीत पहिलं जातं फिरे ते आमचं. सासूबाई कोंबड्याच्याही आधी उठत. आमच्या जात्याची घरघर सुरू झाली की शेजारच्या काकू उठत, त्यांचं जातं ऐकून पलीकडची उठे, आणि असं करत शेवटच्या घरापर्यंत उजाडे. लढाईमुळं रॉकेल कंट्रोलात गेलेलं, त्यामुळं दिवा लावून बघतो कोण? जातं म्हणालं पहाट, की पहाट.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण त्या रात्री ते डोक्यात आलं नाही, खरंच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी राहात्याचा बाजार होता. पेरूच्या पाट्या गाडीत भरून ठेवल्या होत्या. निजानीज झाली. आकाशात पातळ ढग आणि त्यांच्यामागं चंद्र, त्यामुळं सगळीकडं एक करडा उजेड. हे ओसरीवर, सासूबाई पडवीत. मी माजघरात जात्याशी बसले, खुंटा ठोकून घट्ट केला आणि बाजरीची पहिली मूठ घातली. दोघींनी ओढायचं जातं ते. पाच मुठी दळायच्या, खुंट्यावर कपाळ टेकून दम खायचा, परत पाच मुठी. हळूहळू पीठ साचायला लागलं. मला मनातून इतका आनंद झाला की दम लागलाय हेसुद्धा विसरले.

तेवढ्यात पडवीत धडपड झाली.

"अगं बया! उजाडलं की!" सासूबाई. जन्मात कधी त्या दुसऱ्याच्या जात्यानं उठल्या नव्हत्या. आज स्वतःच्याच जात्यानं उठल्या, तेही सून दळतेय आणि आपण लोळतोय! शरमेनं त्यांना माझ्याकडं बघवेना. आत न येता त्यांनी थेट लेकाला हाक मारली. "ऊठ रं! गाडी जुप! त्या पोरीनं आर्धं दळन काढलं न् आपुन पसरलोय!"

हे उठले. शेजारच्या काकूंचं जातं सुरू झालं. मग पलीकडचं. मग त्याच्या पलीकडचं. आणि गंमत म्हणजे एवढी जाती ऐकून मलाच वाटायला लागलं, की माझाच अंदाज चुकला असेल, रात्र सरली असेल. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला आणि मी त्यांच्यावर. आळीतून पाच गाड्या राहात्याच्या रस्त्याला लागल्या. बायकांनी सडे टाकले. काकूंनी घरच्या नऊ माणसांच्या भाकरी थापल्या.

पण सूर्य काही येईना. बायका अंगणात उभ्या राहून उगवतीकडं बघू लागल्या.

"उजाडंना कसं गं?" एकजण म्हणाली.

"गिराण तर न्हाई लागलं?" दुसरी म्हणाली.

मग वाऱ्यानं ढग फाटले आणि चंद्र दिसला. अगदी डोक्यावर. सगळ्या जणी थोडा वेळ चंद्राकडं बघत राहिल्या. मग सगळ्या जणींनी आमच्या दाराकडं बघितलं.

काकू दारातूनच सासूबाईंवर कडाडल्या, "वैनी! अर्ध्या रातीला जातं? नऊ मान्सांच्या भाकरी केल्या की म्या! आता त्या खायाच्या कवा?"

सासूबाईंचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा कधी पाहिला नाही. इतक्या वर्षांची त्यांची अब्रू त्या जात्यात होती. त्या आत आल्या, पिठाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"कवा बसलीस दळाया?"

"निजानीज झाल्यावर."

"झोपली न्हाईस?"

"न्हाई."

"काल?"

"काल बी न्हाई."

मी उठायला गेले आणि पाय लुळे पडून तिथंच पिठावर बसले. काकूंनी मला धरलं. एरवी अंगणातून बोलणाऱ्या काकूंनी तेव्हा पहिल्यांदा हळू आवाजात काही म्हटलेलं मला आठवतं. "वैनी, हिचं हात बघा. बर्फावानी गार पडल्याती."

पुरुष संध्याकाळी परतले. राहात्याच्या रिकाम्या बाजारात कुत्र्यांच्या सोबतीनं त्यांनी रात्र काढली होती. पण हे चांगले खुशीत होते. झाडाखालची मोक्याची जागा जन्मात पहिल्यांदा मिळाली आणि पेरू सगळ्यांच्या आधी संपले. "पुढल्या बाजारालाबी दळ बरं का," असं ते माझ्या कानाशी म्हणाले. मी अंथरुणातून हसले. हसून झाल्यावर धाप लागली.

त्यानंतर आठ दिवस मला तांब्यासुद्धा उचलवला नाही. एका रात्रीच्या शहाणपणाचं मोल मी आठ दिवस फेडलं. पडल्यापडल्या एक गोष्ट मात्र कळली. दमल्यावर बसून उपयोग नाही, दमायच्या आधी बसायला हवं. उठायला लागल्यावर मी तसंच करू लागले. अर्धी भाजी निवडली की टेकायचं. दोन भांडी घासली की टेकायचं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "दमायच्या आदी बसायचं? मंग दमायचं कवा?" पण पूर्वीसारखा 'आळशी' हा शब्द त्यांनी वापरला नाही.

आणि एका रात्री त्यांनी स्वतःचं अंथरूण उचलून माझ्या शेजारी आणून टाकलं.

"बघतेच कशी जागती ती."

पहिल्या रात्री त्या पडल्या आणि लागलीच झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "म्या जागीच हुते. निस्तं डोळं मिटलं हुतं." मी मान हलवली. पण त्यांचा त्यांनाच राग आला असावा, कारण दुसऱ्या रात्री त्या खांबाला टेकून बसल्या, डोळ्यांना पाणी लावलं, मिश्री लावली. थोड्या थोड्या वेळानं विचारत, "जागी हाईस का?"

"व्हय आत्याबाई."

"आता?"

"व्हय."

असं किती वेळा झालं कोण जाणे. मग नुसतं विचारण्याचा त्यांनाच कंटाळा आला आणि बोलणं सुरू झालं. लहान वयात लग्न होऊन आल्या तेव्हा गुळाची ढेप कशी कोरून खाल्ली आणि उंदरांवर कशी घातली. त्यांच्या सासऱ्यांच्या पगडीत कोंबडीनं अंडं कसं घातलं. मी इतकी हसले की ओसरीवरून हे विचारू लागले, काय झालं? तिसऱ्या रात्री त्या म्हणाल्या, "तुजा सासरा गेला तवा महिनाभर माजा डोळा लागला नव्हता. मंग लागाया लागला. मला वाटलं, तुजंबी तसंच. मनात आनलं की जाईल."

"लई मनात आनलं आत्याबाई," मी म्हणाले.

दोन रात्रींच्या जागरणानं त्यांची जी दैना झाली ती बघण्यासारखी होती. भाकरी करपली. आमटीत मीठ दोनदा पडलं. म्हशीचं आंबोण म्हशीपुढं ठेवायचं सोडून त्या ते घेऊन देवांच्या देवळीपर्यंत गेल्या. दुपारी बसल्या जागी डोकं भिंतीला लागलं आणि दचकून उठल्या, तर मी समोर.

"दोन रातीत माजी ही गत," त्या म्हणाल्या. "दोन वरसं कशी काढलीस गं तू?"

दोन वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी पदर तोंडाला लावून रडले, आणि ते रडणं काही दुःखाचं नव्हतं.

पण पत्र गेलं होतं. ह्यांनी एकदा धीर करून विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या, "बोलावनं आपुनच धाडलं. आता नगं म्हनायचं? व्याही तोंडात शेन घालत्याल." त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. स्वतःच्याच शब्दात त्या अडकल्या होत्या, आणि मी काही बोलणं शोभलं नसतं. सुनेनं राहू द्या म्हणून पदर पसरायचा, हे माझ्याही नाकाला परवडणारं नव्हतं. दोघी सारख्याच हट्टी.

पितृपंधरवडा संपला आणि दादा आला. माझं माहेर श्रीरामपूरच्या अंगाला. तो पहाटे निघून बैलगाडीनं दुपारी पोचला. जेवला, बैलांना वैरण दाखवली. सासूबाईंनी त्याला वाढलं, व्याह्यांची खुशाली विचारली, आणि मुद्द्याचं अवाक्षर काढलं नाही. हे मळ्यात निघून गेले होते. त्यांना तिथं थांबवेना. माझं बोचकं दाराशी तयार होतं. दादानं गाडी जुपली.

मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला दंडाला धरून खाली बसवलं.

"थांब जरा. पायाची आग हुती म्हनतीस न्हवं? गाडीत तरास हुईल. पाय दे हिकडं."

त्यांच्या हातात काशाची वाटी आणि तूप होतं. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासलं की अंगातली उष्णता उतरते, हे आमच्याकडं सगळे जाणतात. पण ते धाकट्यानं मोठ्याचं करायचं. सासूनं सुनेचा पाय मांडीवर घ्यायचा, हे मी ऐकलंही नव्हतं. मी पाय ओढून घेतला. "नगं आत्याबाई, पाप लागंल मला."

"लागू दे," म्हणून त्यांनी तो परत ओढला.

वाटी फिरू लागली. तूप काळं होत गेलं. वाटीचा हात हळू झाला, आणखी हळू झाला, थांबला. सासूबाईंची मान छातीवर पडली आणि त्या घोरू लागल्या.

"बाई," अंगणातून दादा म्हणाला, "निघाया पायजे. दिस कलला."

पाय त्यांच्या मांडीवर. काढायचा तर त्या जाग्या होणार. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. दोन वर्षं रात्र रात्र जागून त्या घरातलं प्रत्येक घोरणं मला पाठ झालं होतं. ह्यांचं, म्हशीचं, कुत्र्याचं. सासूबाईंचं खरं घोरणं श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजवी आणि मधेच एवढं थांबे की ऐकणाऱ्याचा जीव वर यावा. हे घोरणं एकसारखं होतं, नेटकं, पाठ म्हणून दाखवावं तसं. आणि झोपलेल्या माणसाची मूठ सैल पडते. त्यांची बोटं माझ्या घोट्याभोवती घट्ट होती.

"बाई, ऐकलं का?" दादा दारात येऊन म्हणाला.

घोरण्याचा आवाज वाढला.

"दादा, बैल सोड," मी म्हणाले. "आत्याबाईंचा डोळा लागलाय. त्यांना उठवून कसं येऊ?"

दादानं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि गेला. जू खाली ठेवल्याचा आवाज आला. बैलांच्या गळ्यातली घुंगरं गोठ्याच्या दिशेनं गेली. तेव्हा कुठं घोरणं थांबलं.

"दुसरा पाय दे," डोळे न उघडता सासूबाई म्हणाल्या.